साप चावला तर: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या घरांसाठी

भारतात २००० ते २०१९ या काळात साप चावून सुमारे १२ लाख माणसे गेली. वर्षाची सरासरी ५८ हजार. यातले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले आहेत, आणि आपल्याकडे नेमके हेच महिने तरव्याचे, लावणीचे, भांगलणीचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने साप चावणे ही कायद्याने नोंदवायची बाब ठरवली. म्हणजे सरकारी असो की खाजगी, प्रत्येक दवाखान्याने आलेला रुग्ण आणि झालेला मृत्यू आरोग्य खात्याला कळवायचा. त्यानंतर महिन्याभरात केंद्राने राष्ट्रीय आराखडा जाहीर केला, त्यात २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरले आहे.

आराखडा दिल्लीत होतो, पण जीव वाचतो तो साप चावल्यापासूनच्या पहिल्या दोन-तीन तासांत. विषावरचे औषध आहे, ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आणि वेळेत मिळाले तर माणूस उठून चालू लागतो. सगळी अडचण शिवारापासून त्या औषधापर्यंतच्या वाटेत आहे. म्हणून ही वाट आधीच ठरवून ठेवा.

पाऊस लागण्याआधी

मे महिन्यात, गर्दी नसताना, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एकदा जाऊन या. तिथल्या सिस्टरना किंवा गावातल्या आशाताईंना चार गोष्टी विचारा. एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरची लस, किती बाटल्या शिल्लक आहे? रात्री डॉक्टर असतात का? लसीची रिॲक्शन आली तर लागणारे ॲड्रेनलिनचे इंजेक्शन आहे का? श्वास थांबल्यास हाताने हवा देण्याची अंबू बॅग आहे का?

बाटल्यांचा आकडा महत्त्वाचा. विष चढलेल्या माणसाला पहिल्याच वेळी ८ ते १० बाटल्या लागतात, प्रत्येक १० मिलीची. कपाटात दोनच बाटल्या असतील, तर त्या केंद्राचा त्या रात्री उपयोग नाही असे धरून पुढचे ठिकाण ठरवा. ही लस द्रव असेल तर फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. पावडरच्या बाटलीला फ्रिज लागत नाही, म्हणून आठ-आठ तास लाईट नसणाऱ्या जंगलपट्ट्यातल्या केंद्रांनी पावडरचाच साठा मागवावा. ग्रामपंचायतीच्या सभेत हा विषय काढायला हरकत नाही, उलट काढलाच पाहिजे.

प्रत्येक घराने दोन ठिकाणे ठरवायची: पहिला डोस मिळेल असे जवळचे आणि व्हेंटिलेटर, डायलिसिस असलेले मोठे. खानापूर तालुक्यात पहिले ठिकाण खानापूरचा तालुका दवाखाना, मोठे म्हणजे २५-२६ किलोमीटरवरचे बेळगावचे जिल्हा रुग्णालय (बिम्स) किंवा नेहरूनगरचे केएलई. कणकुंबी-जांबोटी रस्त्यावरच्या गावांनी खानापूरला वळसा घालायचा की सरळ बेळगाव गाठायचे, हे दोन्हीकडच्या साठ्याची चौकशी करून आजच ठरवावे. निपाणीकडच्या लोकांना मोठा दवाखाना म्हटला की कोल्हापूरचे सीपीआर हे सरकारी रुग्णालय जवळ पडते, सुमारे ४० किलोमीटर. बेळगाव जवळजवळ दुप्पट लांब. आणि शिनोळी, तुडयेसारखी चंदगड तालुक्यातली गावे महाराष्ट्रात असली तरी त्यांना बेळगावच सोयीचे. अशा वेळी राज्याची हद्द मनात आणू नका. तातडीच्या रुग्णाला दोन्ही राज्यांतले सरकारी दवाखाने घेतात. आधार आणि रेशन कार्ड मागून कोणीतरी घेऊन येईल, त्यासाठी पाच मिनिटेही थांबू नका.

१०८ ला फोन करताना सीमाभागात एक अडचण येऊ शकते. मोबाईलने पलीकडचा टॉवर धरला असेल तर फोन दुसऱ्याच राज्याच्या कक्षात लागतो. म्हणून पहिल्या वाक्यातच सांगा: "साप चावलाय. राज्य कर्नाटक, जिल्हा बेळगाव, तालुका खानापूर," मग गाव आणि ओळखीची खूण. समोरचा कन्नडच बोलत असेल तर "हावु कच्चिदे" एवढे म्हटले तरी काम होते, आणि दवाखान्यात "एएसव्ही इदेया?" असे विचारा. घरातल्या शाळकरी पोरांना कन्नड येतेच, फोन त्यांच्या हातात द्या. अँब्युलन्स किती वेळात येईल ते विचारा. उत्तर अर्ध्या तासाहून जास्तीचे आले तर गावातली गाडी काढा आणि वाटेत कुठे गाठ पडेल ते ठरवून घ्या. गावातल्या तीन गाड्यांचे, चालकांचे नंबर प्रत्येक घराच्या दारामागे लिहिलेले असावेत. एकच नंबर नको, त्या रात्री तो माणूस लग्नाला गेलेला असतो.

चावल्यावरची पहिली पाच मिनिटे

आधी माणसाला सापापासून दूर घ्या आणि आहे तिथेच आडवे करा. धावणे, चालत घरी येणे, सायकल मारणे बंद. स्नायू जितके हलतात तितके विष लवकर पसरते. घाबरून छाती धडधडते, ती शांत करायला खरी गोष्ट सांगा: आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत, विषारी सापही पुष्कळदा विष न सोडता चावतो, आणि विष गेले असले तरी त्यावर औषध आहे.

मग हातापायातले सगळे काढा. अंगठी, बांगड्या, कडे, पैंजण, जोडवी, घड्याळ, पायातला काळा दोरा, घट्ट चप्पल. अर्ध्या तासाने सूज आली की जोडवे कापून काढावे लागते, आणि तोवर बोटाचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. बायकांच्या बाबतीत घरचे इथे कचरतात, हिरव्या चुड्याला हात लावत नाहीत. लावा.

चावल्याची वेळ लक्षात ठेवा. पेन असेल तर सुजेच्या कडेला कातडीवर रेघ मारून शेजारी वेळ लिहा, दर अर्ध्या तासाने नवी रेघ. दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांना या रेघांवरून विष किती वेगाने चढते आहे ते एका नजरेत कळते.

जखम धुवत, चोळत बसू नका. स्वच्छ कापड ठेवा, पुरे.

फळी कशी बांधायची

मोडलेल्या हाडाला जशी फळी बांधतात तशीच इथे बांधायची. उद्देश एकच, तो अवयव हलू नये. पायाला चावले असेल तर टाचेपासून मांडीच्या मध्यापर्यंत पोचेल अशी काठी, बांबूची चीप किंवा फळी घ्या. दोन मिळाल्या तर दोन्ही बाजूंना लावा. फळी आणि पाय यांच्या मध्ये टॉवेल किंवा दुमडलेले पोते घाला, विशेषतः घोट्याशी आणि गुडघ्याशी. ओढणी किंवा जुन्या लुगड्याच्या चार बोटे रुंद पट्ट्या फाडून चार ठिकाणी बांधा: घोट्यावर, पोटरीवर, गुडघ्याच्या वर, मांडीवर. चावल्याची जागा मोकळी ठेवा. सुतळी, दोरी, सायकलची ट्यूब वापरू नका, ती रुतते.

प्रत्येक गाठीखाली एक बोट सहज गेले पाहिजे. जात नसेल तर ती फळी राहिली नाही, आवळपट्टी झाली. बांधून झाल्यावर पायाची बोटे पाहा. गार पडली, निळसर दिसली, मुंग्या येत असतील तर सैल करा. वाटेत दर दहा-पंधरा मिनिटांनी हे पाहायचे, कारण सूज वाढली की मघाची सैल गाठ आपोआप घट्ट होते. हाताला चावले असेल तर कोपरापासून बोटांपर्यंत फळी आणि गळ्यात पंचाची झोळी. काहीच नसेल तर दोन पायांमध्ये टॉवेल घालून चावलेला पाय चांगल्या पायाला बांधा. अवयव उंच टांगू नका, खाली लोंबूही देऊ नका.

जे हमखास केले जाते आणि करू नये

वर दोरी आवळणे सर्वांत घातक. रक्तपुरवठा बंद पडून पाय काळा पडतो. घोणस किंवा फुरसे चावले असेल तर विष एकाच जागी साठून मांस आणखी सडवते, आणि दोरी एकदम सोडली की साठलेले सगळे विष एका दमात अंगभर जाते. म्हणून कोणी आधीच दोरी आवळली असेल तर वाटेत ती खसकन सोडू नका. डॉक्टरांसमोर, सलाईन लावल्यावर, औषध तयार असताना ती हळूहळू सैल केली जाते. पोचल्या पोचल्या "दोरी बांधलेली आहे" हे आधी सांगा.

ब्लेडने चिरा देणे तितकेच वाईट. घोणशीच्या विषाने रक्त गोठायचे बंद होते, त्यामुळे ती चीर थांबतच नाही. तोंडाने ओढून विष निघत नाही. बर्फ, करंट, परमँगनेट, विष ओढणारा दगड, पाला वाटून लावणे, यातल्या कशाचाही उपयोग होत नाही, फक्त वेळ जातो आणि जखम चिघळते.

मिरची किंवा कडुलिंबाचा पाला चावायला देऊन चव कळते का पाहायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. नाग किंवा मण्यार चावलेल्याचा घसा हळूहळू लुळा पडत असतो, त्याच्या तोंडात घातलेला पाला श्वासनळीत जाऊ शकतो. पाणी, चहा, दारू, तूप काहीही पाजू नका, कारण तेच. "झोपू देऊ नका, विष चढेल" हेही खरे नाही. झोपेने विष चढत नाही. मात्र झोप आल्यासारखे मिटणारे डोळे हे पापण्या लुळ्या पडल्याचे लक्षण असू शकते, म्हणून त्याला मधूनमधून डोळे उघडायला सांगा.

दुखते म्हणून डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन किंवा ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनची गोळी नको. रक्त पातळ झालेल्या माणसाला कमरेत सुई टोचली की तिथेच आत रक्ताची गाठ साचते. गिळता येत असेल तरच पॅरासिटामॉल, तेही फार दुखत असेल तर.

आता देवरशाचे. मंत्राने उतरलेल्या विषाच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत आणि त्या सांगणारे खोटे बोलत नसतात. बिनविषारी साप चावलेला आणि विष न सोडता चावलेला, असे दोघेही मंत्राविना बरे होणारच होते. अडचण उरलेल्यांची, ज्यांच्या अंगात विष खरेच गेले आहे. त्यांचे दोन तास देवळाच्या पायरीवर जातात. घरातल्या वडीलधाऱ्यांचा जीव राहत नसेल तर एकाने देवळात जाऊन अंगारा आणावा आणि दवाखान्यात येऊन लावावा. रुग्णाला घेऊन गाडी मात्र आधी सुटली पाहिजे.

साप शोधत, मारत बसू नका. मेलेल्या सापाचे तुटलेले डोकेही काही वेळ चावू शकते, आणि पकडायला गेलेला दुसरा माणूस रुग्ण होऊन येतो. दुरून मोबाईलवर फोटो मिळाला तर ठीक, नसला तरी उपचार अडत नाही. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच आहे, आणि डॉक्टर ती लक्षणांवरून देतात. चोर्ला, कणकुंबी, आंबोली या घाटपट्ट्यात चापडा आणि त्याच्या जातीचे झाडावरचे सापही चावतात. त्यांच्यावर ही लस लागू पडत नाही. सूज आणि वेदना मोठी असते, जीव जाणे विरळा. जंगलात नागराजही आहे. फोटो असला तर अशा वेळी डॉक्टरांना फुकाची लस टाळता येते, एवढाच त्याचा फायदा.

नेताना

गाडीत आडवे, डाव्या कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी झाली तर छातीत जाणार नाही. मोटारसायकलच असेल तर दोघांच्या मध्ये रुग्णाला बसवा, मागच्याने त्याला घट्ट धरावे, चावलेला पाय हलू देऊ नये. नेपाळच्या तराईत गावागावातल्या मोटारसायकलवाल्यांचे असे जाळे उभे केले गेले आणि लोकांना जोडीने माहिती दिली गेली, तेव्हा तिथले सर्पदंशाचे मृत्यू शंभरात दहाच्या आसपास होते ते एकाच्याही खाली आले. अँब्युलन्सची वाट पाहत बसण्यापेक्षा हे बरे.

भीमगड अभयारण्यातली आमगाव, गवाळी, कोंगळा, पास्तोली ही गावे पावसाळ्यात ओढ्यांनी तुटतात. तिथे गाडीपर्यंत माणूस खांद्यावरूनच न्यावा लागतो, आणि पाऊस पडत असताना डोली तयार करायला वेळ नसतो. म्हणून ती आधीच करून ठेवावी. सात-आठ फूट लांबीचे दोन मजबूत बांबू आणि खताची दोन रिकामी, न फाटलेली पोती घ्या. पोत्याच्या तळाचे दोन्ही कोपरे बांबू जाईल एवढे कापा. एका पोत्याचे तोंड दुसऱ्याच्या तोंडाकडे करून दोन्ही बांबू दोन्ही पोत्यांतून ओवा. मध्ये दीडेक फूट अंतर राहावे म्हणून दोन्ही टोकांना आडवी काठी बांधा. चौघांनी उचलायची, पाचव्याने डोक्यापाशी चालायचे आणि श्वासाकडे लक्ष ठेवायचे. ही डोली शाळेत किंवा अंगणवाडीत, सगळ्यांना माहीत असलेल्या जागी ठेवा.

वाटेत दोन गोष्टी पाहत राहा. एक, पापण्या जड होतात का, एकाच्या दोन वस्तू दिसतात का, लाळ गिळता येते का, मान धरवते का. दोन, हिरड्यांतून, नाकातून, लघवीतून रक्त येते का. श्वासाचा अंदाज घ्यायला सोपी युक्ती आहे. एका दमात मोठ्याने आकडे मोजायला सांगा. मघा तीसपर्यंत गेला होता तो आता बारावर थांबला, तर श्वासाचे स्नायू दमू लागले आहेत. हे आकडे वेळेसह लिहून डॉक्टरांना द्या. श्वास थांबलाच तर तोंडाने श्वास देत राहा, अंबू बॅग असेल तर तिने. नागाच्या आणि मण्यारीच्या विषात माणूस पूर्ण लुळा पडतो, डोळे उघडत नाही, हाकेला ओ देत नाही, तरी त्याचे हृदय चालू असते आणि त्याला सगळे ऐकू येत असू शकते. "गेला" असे म्हणून रडायला बसू नका. हवा देत देत व्हेंटिलेटरपर्यंत पोचवलेली अशी माणसे घरी परत येतात.

रात्रीची मण्यार

याकडे वेगळे लक्ष द्यायला हवे, कारण फसगत इथेच सर्वांत जास्त होते.

मण्यार रात्री हिंडते, उंदीर, पाली आणि दुसरे लहान साप शोधत घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणातच चावते. तिचे दात इतके बारीक असतात की पुष्कळदा खूण दिसत नाही, दुखत नाही, सूज येत नाही. झोपलेल्याला वाटते डास चावला, मुंगी चावली. मध्यरात्री किंवा पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, घसा दुखतो. घरचे म्हणतात पित्त झाले, रात्रीचे जेवण बाधले. ओवा देतात, गॅसची गोळी देतात. तासाभराने पोराच्या पापण्या मिटू लागतात, बोलणे बोबडे होते, आणि तेव्हा कुठे शंका येते.

म्हणून नियम असा: पावसाळ्यात जमिनीवर झोपलेले लहान-मोठे कोणीही पहाटे पोट दुखते म्हणून उठले आणि पापण्या जड वाटल्या, गिळायला त्रास झाला किंवा आवाज बदलला, तर खूण असो नसो, मण्यार चावली असे समजून गाडी काढा. पोचल्यावर डॉक्टरांना "जमिनीवर झोपला होता" हे आवर्जून सांगा. अंथरूण झटकताना काठीने झटका, साप उशीखाली असू शकतो.

इथे घाई का, तेही सांगायला हवे. लस रक्तात फिरणाऱ्या विषाला धरते. मण्यारीचे विष एकदा मज्जातंतूच्या टोकात शिरून बसले की लस ते बाहेर काढू शकत नाही. मग शरीर स्वतः ते टोक दुरुस्त करेपर्यंत, कधी दोन दिवस, कधी आठवडाभर, माणसाला व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते. माणूस पूर्ण बरा होतो, पण व्हेंटिलेटर आणि तेवढे दिवस लागतात. लवकर पोचला तर पुष्कळदा ते टळते.

दवाखान्यात

पोचल्यावर डॉक्टर काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत २ मिली रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग तिरपी करून पाहतात. रक्त वाहिले, गोठलेच नाही, तर घोणस किंवा फुरशाचे विष चढले आहे. चाचणी साधी आहे, पण नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर निकाल चुकतो. पहिल्या वेळी रक्त गोठले म्हणून सुटलो असे नाही, ती पुन्हा पुन्हा करावी लागते. म्हणूनच काहीही लक्षण नसले तरी २४ तास दवाखान्यात ठेवतात. सहा तासांनी "बरा दिसतोय, घरी नेतो" म्हणून हट्ट धरू नका.

उलट, लक्षणे नसताना लस द्याच असाही हट्ट नको. लस घोड्याच्या रक्तापासून बनते, काहींना तिची रिॲक्शन येते: अंगावर पित्ताच्या गांधी, खाज, थंडी, धाप, रक्तदाब उतरणे. त्यावर ॲड्रेनलिन मांडीच्या स्नायूत देतात, लस थोडा वेळ थांबवतात आणि पुन्हा सुरू करतात. गरज असताना रिॲक्शनच्या भीतीने लस न देणे मात्र चूक. आधी कातडीत थोडी टोचून पाहण्याची जुनी पद्धत आता करू नये असेच मार्गदर्शक सूचना सांगतात. चावल्याच्या जागीही ती टोचत नाहीत, सलाईनमधून शिरेतच देतात.

लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच लस लागते. साप चावताना पोराचे वजन पाहून कमी विष सोडत नाही, आणि लस त्या विषाच्या मापाने द्यायची असते. "एवढ्याशा लेकराला दहा बाटल्या?" असे आजी विचारतात, त्यांना हे समजावून सांगा. गरोदर बाईलाही लस देतात.

लक्षणे आहेत, लस आहे, तरी "मोठ्या दवाखान्यात न्या" असे सांगितले गेले, तर शांतपणे विचारा: "डॉक्टर, पहिला डोस इथे सुरू करून मग पाठवाल का?" हा प्रश्न विचारायचा तुमचा हक्क आहे. लस चालू असलेला माणूस बेळगावपर्यंतचा तास निभावतो. सोबत चिठ्ठीवर किती बाटल्या दिल्या, किती वाजता, रक्ताच्या नळीचा निकाल काय, हे लिहून घ्या, आणि पुढच्या दवाखान्याला निघण्याआधी फोन करायला सांगा. नागाच्या दंशात निओस्टिग्मिन आणि ॲट्रोपिनची इंजेक्शने मिळून पापण्या उघडायला मदत करतात, तीही छोट्या केंद्रात देता येतात. घोणशीच्या दंशात लघवी किती होते ते मोजा. ती कमी झाली, लाल-तपकिरी झाली, तर लगेच सांगा, मूत्रपिंड अडचणीत आहे आणि डायलिसिस असलेल्या जागी जायला हवे.

निघताना आपला दंश नोंदवला गेला का, हे विचारून घ्या. कुठल्या तालुक्यात किती जणांना चावले यावरच पुढच्या वर्षी तिथे किती बाटल्या पाठवायच्या हे ठरणार आहे. न नोंदवलेला रुग्ण म्हणजे पुढच्या पावसाळ्यात रिकामे कपाट.

घरी आल्यावर एक ते दोन आठवड्यांत ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ आले तर तो लसीचाच मागाहून येणारा परिणाम असतो. गोळ्यांनी बरा होतो, पण दाखवायला हवे. घोणस चावलेल्याने मूत्रपिंडासाठीची क्रिएटिनिनची रक्ततपासणी डॉक्टर सांगतील त्या दिवशी चुकवू नये. जखम काळी पडत असेल तर घरी मलम लावत बसू नका.

चावूच नये म्हणून

शेतपंपाची थ्री-फेज लाईट रात्री येते, आणि पाणी पाजायला, दारे धरायला माणूस अंधारात अनवाणी बांधावर उतरतो. या भागातल्या दंशांचे हे एक मोठे कारण. पोटरीभर उंचीचे गमबूट आणि डोक्याला बांधायची बॅटरी, एवढ्याने धोका बराच कमी होतो, कारण बहुतेक दंश घोट्याखाली होतात. हातातली बॅटरी पुरत नाही, फावडे धरले की ती खिशात जाते. लाईट दिवसा मिळावी ही हेस्कॉमकडे असलेली शेतकऱ्यांची मागणी आरोग्याचीही आहे, ती तशी मांडा.

घोणस भाताच्या कापणीत, पेंढ्यांखाली आणि उसाच्या पाचटात दबून बसते. पेंढी उचलण्याआधी काठीने उलटा, हात खाली सारू नका. ती कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते, तो ऐकला की जागीच थांबा आणि मग मागे सरा. फुरसे अथणी, गोकाककडच्या कोरड्या माळावर दगडांखाली असते. बांधाचा दगड हाताने उचलू नका, पहारीने उलटा.

घरात मण्यार येते ती उंदरांमागे. धान्याची पोती फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. सरपण आणि शेणी घराला टेकवून रचू नका. मोरीच्या भोकाला जाळी बसवा, दाराखालची फट कापडाने बुजवा. आणि खाटेवर झोपा, मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचून. खाट नसेल तर जमिनीवरही मच्छरदाणी लावा आणि कडा अंथरुणाखाली नीट दाबा. डासांसाठी घेतलेली तीच जाळी मण्यारीलाही अडवते.

दिवाळीनंतर बीड, विजापूरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्या उसाच्या कडेलाच खोप्यांत जमिनीवर झोपतात, लेकरे पाचटावर. त्यांना इथला दवाखाना, रस्ता, फोन नंबर काहीच माहीत नसते. टोळी उतरेल त्या दिवशीच मुकादमाला जवळच्या एएसव्ही असलेल्या दवाखान्याचे नाव आणि गाडीवाल्याचा नंबर द्या, आणि ज्याच्या शिवारात खोप्या आहेत त्याने व कारखान्याने मिळून प्रत्येक खोपीला एक मच्छरदाणी आणि एक बॅटरी पुरवावी.